सडलेल्या जीपला नवी बॉडी: सीजे थ्री-बीचं काम, मापापासून अर्थिंगपर्यंत

गाडीखाली आडवे व्हा आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरनं ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा टोचून बघा. मग पेट्रोलच्या टाकीचा खळगा, टूलबॉक्सचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी फ्लोअरला मिळतात ती शिवण, आणि शेवटी फ्लोअरखालचे आडवे चॅनल. पत्र्याला वरून भोक पडलं असेल तर ते पॅचचं काम आहे. पण चॅनलमध्ये स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, किंवा बॉडीचे बोल्ट जिथे चासीला बसतात तिथला पत्रा पापडासारखा मोडला, तर पॅच मारण्यात अर्थ नाही. वरून चकचकीत ठिगळं आणि खाली आधारच नाही, अशी जीप दोन पावसाळ्यांत पुन्हा पत्रेवाल्याच्या दारात उभी राहते.

हे चॅनल सडतात त्यांच्या घडणीमुळे. पन्हळीसारखा दुमडलेला पत्रा फ्लोअरला खालून स्पॉट वेल्डिंगनं चिकटवलेला असतो, म्हणजे फ्लोअर हेच त्या पन्हळीचं झाकण. बोल्टच्या भोकांतून आणि शिवणीतून पाणी आत जातं, सोबत लाल माती नेतं, आणि ती माती दिवाळीपर्यंत ओली राहते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या चॅनलमध्ये तर लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. लाकूड ओल धरून ठेवी आणि पत्रा आतून खाऊन टाकी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांना खारा वारा वेगळाच. तिथे बाहेरून बरी दिसणारी बॉडीही आतून पोकळ निघते.

इथे महिंद्रा सीजे थ्री-बी धरून लिहिलं आहे. ८० इंच व्हीलबेसची, उंच बॉनेटची जुनी जीप. एमएम ५४० किंवा इतर मॉडेलचं काम याच क्रमानं होतं, फक्त मापं आणि काही जागा बदलतात.

आधी चासी, मग बॉडीची ऑर्डर

बॉडीसाठी पैसे मोजण्याआधी चासीचा निकाल लावा. छोटी हातोडी घेऊन पुढच्या क्रॉस मेंबरपासून (चासीच्या दोन लांब रेल्सना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यापासून) मागपर्यंत ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, त्यांच्या झुलत्या कड्यांच्या म्हणजे शॅकलच्या जागा, मागचा क्रॉस मेंबर आणि दुहेरी पत्र्याचे जोड इथे जास्त वेळ द्या. दोन पत्र्यांमध्ये गंज फुगला की पत्रे एकमेकांपासून सुटून लाटेसारखे दिसतात. ती लाट दिसली तर ग्राइंडर मारून रंग देणं म्हणजे फसवणूक, आणि तीही स्वतःचीच.

गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा. दोन्ही बाजूंच्या पुढच्या आणि मागच्या हँगर पिनांपासून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूनं खुणा करा. मग कर्ण मोजा: पुढचा डावा ते मागचा उजवा, आणि उलट. दोन्ही मापांत एक सूत (सुमारे ३ मिलिमीटर) फरक चालतो. दोन सूत आला तर मापं पुन्हा घ्या. तरीही तेवढाच आला तर चासी ओढून सरळ करणाऱ्याकडे आधी जायचं. वाकड्या चासीवर सरळ बॉडी बसत नाही. बसवली तर काचेच्या फ्रेमखाली तडा जातो.

कागद

गाडीची ओळख चासीवर ठोकलेल्या नंबरात असते, बॉडीत नाही. त्यामुळे तशीच बॉडी बदलणं आणि गाडीचं रूप बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधल्या निकालात हेच ठासून सांगितलं. म्हणजे छोट्या व्हीलबेसच्या जीपवर लांब बॉडी, वाढीव सीटा, कापून जोडलेली चासी हे सगळं बाद. बॉडी टाईप आणि आसनक्षमता आरसीत आहे तीच ठेवा. काम सुरू होण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी कळवा, आणि बॉडीचं पक्कं बिल जपून ठेवा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, चासी नंबरावर ग्राइंडर किंवा जाड रंग. फिटनेस आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या नंबराचं पेन्सिलनं ट्रेसिंग घेतात आणि अक्षरं भरली गेली असतील तर तिथेच अडकता. सफाईआधी नंबरावर ग्रीस फासून मास्किंग टेप चिकटवा. दुसरी, रंग. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तसं स्पष्ट सांगतो. ‘मिलिटरी लूक’चा हट्ट कितीही असला तरी तो रंग विसरा. दुसरा कुठलाही रंग बदलला तरी त्याची आरसीवर नोंद करून घ्या.

बॉडी विकत घेताना

जीपच्या तयार बॉडीसाठी हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातही फॅब्रिकेटर बॉडी बनवून देतात. कुठूनही घ्या, ‘थ्री-बीची बॉडी’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. सीजे थ्री-बीचं बॉनेट उंच आहे ते हरिकेन इंजिनमुळे: त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात आणि इंजिन जुन्या फ्लॅटहेडपेक्षा (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनपेक्षा) उंच होतं. त्याआधीच्या बुटक्या बॉनेटच्या जीपची फायरवॉल (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधला उभा पत्रा) हिला जुळत नाही. एमएम ५४० चा व्हीलबेस ९१ इंचांच्या आसपास असल्यानं तिची बॉडी लांब असते. ऑर्डर देताना व्हीलबेस, फायरवॉलची उंची आणि रुंदी, फायरवॉलपासून मागच्या पॅनलपर्यंतची लांबी, मागच्या कमानींमधलं अंतर ही मापं कागदावर लिहून द्या. स्टेअरिंग उजवीकडे हेही लिहा. परदेशी नकाशावरून बनवलेल्या बॉडीत भोक डावीकडे असल्याची उदाहरणं आहेत.

पत्र्याची जाडी व्हर्निअरनं स्वतः मोजा. बाजूचे पॅनल १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर, आणि फ्लोअर व चॅनल १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर असावेत. स्वस्त बॉडी २० गेजची, ०.९ मिलिमीटरची असते. ती बोटानं दाबली की टिनाच्या डब्यासारखी टक्‌टक्‌ वाजते. विकणारा व्हर्निअर लावू देत नसेल तर वजनाचा हिशोब करा: ८ बाय ४ फुटाचा पत्रा १.२ मिलिमीटरला सुमारे २८ किलो भरतो, ०.९ ला २१. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) असावा. एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यावरची काळी पापडी रंगाखाली सुटते.

सगळ्यात महत्त्वाचं: बॉडी कोरी मागा, फक्त तेल लावलेली. बाजारात ती लाल प्रायमर मारून, कडा लांबीनं (पुट्टीनं) भरून तयार ठेवतात. दिसायला छान. पण रेड ऑक्साईड सच्छिद्र असतो. उघड्यावर पडलेल्या बॉडीत तो पाणी शोषतो आणि खाली गंज सुरू झालेला असतो. लांबीखाली काय आहे ते तर देवालाच ठाऊक. चुंबक फिरवा. जिथे तो सैल पडतो तिथे लांबी जाड आहे.

आणखी तपासा: टाकीचा खळगा आहे का (थ्री-बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली फ्लोअरच्या खळग्यात बसते), गिअर लिव्हर आणि ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) लिव्हरचं मोठं झाकण सुटं आहे का, आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवरचं तपासणी भोक आहे का. मास्टर सिलिंडर चासीवर, फ्लोअरच्या खाली असतो. ते भोक विसरून बनवलेली बॉडी घेतली तर ब्रेक ऑईल घालायला दर वेळी गाडीखाली झोपावं लागतं. चासीला बसवायची बोल्टची भोकं मात्र पाडून घेऊ नका. ती तुमच्या चासीवरूनच पडली पाहिजेत.

सामान

बॉडीखालच्या पॅकिंगसाठी १० मिलिमीटरचा कन्व्हेअर बेल्ट. ट्रकच्या टायरच्या साईडवॉलचे तुकडे लोक वापरतात, पण ते सगळे एका जाडीचे निघत नाहीत आणि बॉडी तिथूनच पिळायला लागते. ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, मोठे रुंद वायसर. जुन्या जीपवर आटे इंची असतात. चासीत वेल्ड केलेला नट असेल तर थ्रेड गेजनं तपासल्याशिवाय मेट्रिक बोल्ट ढकलू नका. शिमसाठी (फट भरायच्या चकत्यांसाठी) १.६ मिलिमीटरचे पत्र्याचे चौकोन, मधे भोक पाडून, किमान वीस. बॉडीला आतून ताण द्यायला २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप. इपॉक्सी प्रायमर हार्डनरसह, शिवणी बंद करायचा सीम सीलर, पोकळीत मारायचं मेण, पीयू (पॉलीयुरेथेन) रंग, थिनर. वेल्डिंग सीओटू मशीननं, ०.८ मिलिमीटरच्या तारेनं. रॉडच्या वेल्डिंगनं १८ गेजचा पत्रा भाजतो, भोकं पडतात आणि आजूबाजूचा पत्रा ताणून वाकतो. सोबत चेनपुली, चार भक्कम घोडे, रबरी ग्रोमेट, जाड अर्थ पट्ट्या तीन.

खोलण्याआधी मोजा

फोटो सगळेच काढतात, मापं फार थोडे घेतात. पुढे जे अडतं ते इथेच अडतं. जुनी बॉडी चासीवर असतानाच लिहून घ्या: बॉनेटची मागची कड ते काचेच्या फ्रेमचा तळ, दोन्ही बाजूंना. बॉनेट आणि मडगार्डमधली फट, चार ठिकाणी. बॉडीची खालची कड ते चासीची वरची कड, दोन्ही बाजूंना पुढे, मधे, मागे. मागच्या टायरपासून कमानीच्या कडेपर्यंत. स्टेअरिंग कॉलम फ्लोअरमधून जिथे वर येतो तिथून डॅशबोर्डच्या क्लॅम्पपर्यंत. गिअर लिव्हर न्यूट्रलला असताना झाकणाच्या चारही कडांपासून किती अंतरावर आहे तेही.

फ्लोअरच्या भोकांचा साचा जाड पुठ्ठ्यावर काढून घ्या: पेडल, कॉलम, लिव्हर, मास्टर सिलिंडर. साच्यावर ‘पुढे’ आणि ‘वरची बाजू’ लिहा. नाहीतर चार आठवड्यांनी तो उलटा धरून भोकं पाडली जातात.

जुनी बॉडी काम संपेपर्यंत भंगारात द्यायची नाही. कितीही गंजलेली असली तरी कुठला ब्रॅकेट कुठे होता, वायर कुठल्या भोकातून जात होती, काचेच्या फ्रेमची बिजागरी किती मागे होती, याचा तोच एकमेव पुरावा. जागा अडते म्हणून दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला फोन होतो आणि पुढचा महिना अंदाजावर जातो.

खोलणं

बॅटरी काढा. मग लगेच पेट्रोल रिकामं करा आणि टाकी गाडीतून काढून अंगणात दूर ठेवा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. टाकी गाडीत असताना ग्राइंडर किंवा गॅस कटर पेटवायचा नाही, एक ठिणगीही नाही.

त्यानंतर काचेची फ्रेम, सीटा, मागचा फाळका, बॉनेट, दोन्ही मडगार्ड. रेडिएटर आणि पुढचा शो (जाळी) एकत्र काढता येतो. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला टेप लावून दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहा. नुसत्या रंगावर जाऊ नका. चाळीस वर्षांत तिथे तिघांनी वायर बदललेली असते आणि सगळ्या लाल असतात. चोक, स्पीडोमीटरची केबल, अॅक्सिलरेटरची दांडी, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी सोडवा. स्टेअरिंग व्हील पुलरनं काढा, हातोड्यानं ठोकू नका. ठोक्याचा दणका थेट स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. डॅशचा क्लॅम्प आणि फ्लोअरची प्लेट सोडली की कॉलम चासीवर तसाच उभा राहील. पेडलचे वरचे पाय सोडवा, दांड्या चासीवर राहतात. गिअरचं झाकण आणि लिव्हर काढा.

बॉडीच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच अॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं मिसळून सोडा. सकाळी पाना लावा. न हलणारा बोल्ट आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित फिरवा, गंज तुटतो, मग सोडा. तरीही नाही तर नट कापा. चासीत वेल्ड केलेला नट फिरायला लागला तर तिथे जोर लावत बसू नका. बोल्टचं डोकं उडवा आणि बॉडी उचलल्यावर नटाकडे बघा.

उचलायच्या आधी टॉर्च घेऊन एक फेरी मारा. हमखास विसरतात ती चासीवरून बॉडीला गेलेली अर्थची पट्टी, टेललॅम्पची वायर आणि हँडब्रेकची केबल. सहा माणसं असतील तर हातानं उचलता येते: आधी सरळ वर, फ्लोअर कॉलमच्या टोकाच्या वर येईपर्यंत, मग मागे. चेनपुलीनं उचलायची तर दोरखंड फ्लोअरखालून घ्या, डॅशबोर्डला अडकवू नका. सडलेली बॉडी हवेत असताना मधे वाकते, त्यामुळे खाली कुणीही जाणार नाही.

उघडी चासी

ही संधी पुन्हा येणार नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पेट्रोलची नळी आणि चासीवरची वायरिंग आत्ताच नवी टाका. बॉडी बसल्यावर हेच काम तिप्पट वेळाचं होतं. वायर कपनं चासी घासा, कोपऱ्यांत छन्नी चालवा, डिझेलनं धुतलेली असेल तर डिग्रीझरनं पुन्हा धुवा. गंज राहिलेल्या खड्ड्यांत फॉस्फॉरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावता येतं, पण त्याचे उरलेले अंश पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी मारा. आम्ल राहिलं तर इपॉक्सी नीट पकडत नाही आणि सालासारखा निघतो. इपॉक्सीचे दोन हात, वर काळा पीयू. पेटीसारख्या बंद भागांत लांब नळीनं मेण सोडा.

कोरी बॉडी चासीवर: खरं काम

रंगाआधी बॉडी एकदा पूर्ण बसवून बघायची, सगळ्या भागांसकट. ही पायरी गाळल्यानं जितक्या जीप बिघडल्यात तितक्या दुसऱ्या कशानं नाहीत.

उचलायच्या आधी बॉडीला आतून पाईपचे ताण द्या: एक आडवा डॅशबोर्डच्या रेषेत, एक मागच्या कमानींमध्ये, आणि या दोघांना कर्णात जोडणारे दोन. छोट्या टाक्यांनी पकडा, नंतर घासून काढायचे आहेत. फाळक्याच्या तोंडाचे कर्णही मोजा, दोन्ही सारखे हवेत. विकत आणलेल्या बॉडीत ते बहुधा सारखे नसतात. टेम्पोत दोरीनं आवळून आणलेली असते ना! ताण वेल्ड करण्याआधी चेननं ओढून ते जुळवा.

चासीच्या प्रत्येक बोल्टच्या जागी बेल्टचा तुकडा ठेवा आणि बॉडी अलगद सोडा. एकही बोल्ट नाही. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीनं हात दाबा. बॉडी डुगडुगली तर जो कोपरा उचललाय तिथल्या फटीत शिम सरकवत जा. डुगडुग थांबून प्रत्येक पॅकिंगवर वजन आलं की पुढे. एखाद्या पॅकिंगमधून कागदाची पट्टी सहज निघत असेल तर ते अजून रिकामंच आहे.

मग बॉडी मधोमध आणा. चासीच्या दोन्ही रेल्सपासून बॉडीच्या कडा मोजा, पुढे आणि मागे. फायरवॉल हा मुख्य संदर्भ, कारण थ्री-बीचं बॉनेट मागे, फायरवॉलच्या वरच्या पट्टीलाच बिजागरीनं टांगलेलं असतं. फायरवॉल एक सूत पुढे गेली तर बॉनेट शोवर चढतं, मागे गेली तर समोर फट पडते. म्हणून शो आणि रेडिएटर त्यांच्या जागी बसवा, बॉनेट टांगा, मडगार्ड दोन-दोन बोल्टांवर धरा आणि बॉनेटची फट जुळेपर्यंत बॉडी पुढेमागे सरकवा. जुळल्यावर काचेची फ्रेम लावून ती बॉनेटवर पूर्ण आडवी करून बघा. स्टेअरिंग कॉलमचा क्लॅम्प जोर न लावता बसला पाहिजे. कॉलम हातानं ओढून क्लॅम्पमध्ये घालावा लागला तर बॉडी चुकली आहे. तो ताण स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर राहतो आणि स्टेअरिंग जड होतं. लिव्हर बसवून सगळे गिअर टाकून बघा. पेडल तळापर्यंत दाबा, भोकाच्या कडेला घासता कामा नये.

फाळका लावा. फाळका हा पिळाचा आरसा आहे. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आणि उघडबंद सहज, म्हणजे बॉडी सरळ बसली. एका बाजूला वर चिकटतो आणि दुसऱ्या बाजूला खाली, म्हणजे कुठेतरी शिम कमी आहे. ग्राइंडरनं फाळका घासून तो ‘बसवू’ नका.

सगळं जुळलं की चासीच्या भोकांतून खालून खुणा करा, ५ मिलिमीटरचं भोक पाडा, मग मोठं ड्रिल. बोल्ट घाला आणि मधल्या जोडीपासून बाहेर, आळीपाळीनं, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. रबर किंचित फुगलं की पुरे. ते चेपून बिस्किटासारखं पातळ झालं तर रबराचा उपयोग संपला. शेवटी फाळक्याची फट पुन्हा बघा. बोल्ट घट्ट करताना ती बदलली असेल तर ज्या बोल्टनं बदलली तो सोडा आणि तिथे शिम घाला.

ब्रॅकेट, सीटचे पाय, बिजागऱ्या याच वेळी वेल्ड करा. एकेक टाका, २५ मिलिमीटर सोडून पुढचा, मग परत येऊन मधले. एका जागी सलग ओढलं की पत्रा फुगतो. नवीन चॅनलना तळाला, सगळ्यात खालच्या जागी ८ मिलिमीटरची निचऱ्याची भोकं पाडा, प्रत्येक चॅनलला दोन. टूलबॉक्सच्या तळालाही एक. कारखान्यात नसली तरी पाडा.

रंग

आता बॉडी पुन्हा उतरवा. हो, उतरवायचीच. खालची बाजू गाडीवर असताना रंगवता येत नाही.

तेल थिनरनं दोनदा पुसा, दोन वेगळ्या फडक्यांनी. एकच फडकं फिरवलं तर तेल फक्त पसरतं. १८० नंबरच्या कागदानं पत्रा खरखरीत करा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. कोऱ्या पत्र्यावर एका दमट रात्रीत नारिंगी धूर दिसायला लागतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर गन हातात घेऊ नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त हवं. आपल्याकडे हे काम दसऱ्यानंतर काढावं आणि होळीआधी संपवावं. त्यातही कोकणात डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी दव लवकर पडतं, तेव्हा शेवटचा हात दुपारी चारच्या आत.

क्रम असा: इपॉक्सी, मग प्रत्येक शिवणीवर सीम सीलर (वरून आणि खालूनही), मग लागेल तिथेच लांबी, पुन्हा प्रायमर, मग पीयू रंग. सीलर कोऱ्या पत्र्यावर लावला तर त्याच्याखालून गंज चालत राहतो. लांबी २ मिलिमीटरच्या वर गेली तर हातोडी उचला, पत्रा ठोकून जागेवर आणा. जीप हादरते, जाड लांबी उडते. बॉडीच्या पोटाला सीलरनंतर स्टोन गार्डचा जाड थर द्या, पण निचऱ्याची भोकं त्याआधी खिळे घालून बंद ठेवा. रंग वाळल्यावर चॅनलच्या प्रत्येक पोकळीत मेण सोडा, खालच्या भोकातून ठिबकेपर्यंत. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क हवाच, आणि जागा हवेशीर. बोल्टची भोकं आणि कापलेल्या कडा ब्रशनं वेगळ्या रंगवा. गनचा रंग कडेवर टिकत नाही.

पुन्हा जोडणी

बॉडी चढवताना शिम त्यांच्या त्यांच्या जागी जायला हवेत. म्हणून उतरवताना प्रत्येक जागेचे शिम तारेत ओवून नंबर घालून ठेवा. वायर पत्र्यातून जाते त्या प्रत्येक भोकात ग्रोमेट.

जोडून झाल्यावर सर्वांत जास्त डोकं खाणारा दोष म्हणजे अर्थिंग. जुनी बॉडी गंजक्या बोल्टांतून चासीला विजेनं जोडलेली होती. आता मधे रबर आहे, इपॉक्सी आहे, बोल्टलाही रंग लागलाय. परिणाम: हेडलाइट पिवळट, इंडिकेटर लावला की टेललॅम्प लुकलुकतो, हॉर्न दाबला की डॅशबोर्डचा दिवा मंद होतो. मेकॅनिक डायनॅमो बघतो, बॅटरी बदलतो, दोष तसाच. तीन पट्ट्या लावा: बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, चासी ते बॉडी. प्रत्येक टोकाखालचा रंग नाण्याएवढा घासून चकचकीत लोखंड काढा, पट्टी आवळा आणि वरून ग्रीस लावा. मग मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या अर्थला, आणि दिवे लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टीची टोकं पुन्हा घासा. काही जुन्या जीप पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, तिथे टोक पॉझिटिव्हला.

पेट्रोल भरण्याआधी टाकीखाली रबर आहे ना ते बघा. खळग्याच्या पत्र्यावर टाकी थेट घासली तर दोन्हींना भोकं पडतात. क्लच पेडलचा मोकळा खेळ नव्यानं जुळवा. फ्लोअरच्या भोकाची कड पेडलला अडवत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरत पडतात. दोष गिअरबॉक्सचा वाटतो, असतो पत्र्याचा.

पाईप घेऊन दहा मिनिटं काचेच्या फ्रेमवर आणि फायरवॉलवर पाणी मारा, दुसरा माणूस आत टॉर्च घेऊन बसेल. गळती आढळली तर सीलर भरा. मग पाणी कुठून निघतंय ते बघा: प्रत्येक निचऱ्याच्या भोकातून ठिबकायला हवं. जिथून ठिबकत नाही तिथे सीलरनं भोक बुजलंय, तार घालून उघडा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर बॉडीचे सगळे बोल्ट तपासा, रबर बसलेलं असतं आणि अर्धा-पाऊण आटा खेळ निघतो. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. फ्लोअरवर फोमची मॅट टाकू नका, ती पावसाचं पाणी महिनाभर धरून ठेवते. साधी रबरी मॅट चालते, तीही आठवड्यातून एकदा उचलून उन्हात टाकायची. आणि दर जूनच्या आधी चॅनलच्या भोकांत तार घालून माती काढा.